युरिक ॲसिड ७.८: रिपोर्टमधला लाल आकडा आणि बंद झालेली डाळ

या भागाचं निमित्त घरचंच आहे. ऑफिसच्या वार्षिक चेकअपमध्ये माझं युरिक ॲसिड ७.८ आलं. आकडा लाल, शेजारी वर जाणारा बाण. रिपोर्टचा फोटो आईला पाठवला, तिथेच चुकलो. दहा मिनिटांत फोन: "उद्यापासून डाळ बंद, पालक बंद, टोमॅटो बंद." बाबांना गाऊट आहे ना! त्यांच्या पायी आमच्या घरात दोन वर्षं तुरीची डाळ शिजलेली नाही.

पण मला तर काहीच होत नव्हतं. सांधे ठणठणीत. मग हा आकडा नेमकं काय सांगतो?

आधी हे येतं कुठून ते बघू. आपल्या पेशींमधल्या डीएनए-आरएनएमध्ये प्युरिन नावाचा घटक असतो. जुन्या पेशी मोडतात, प्युरिन तुटत जातं आणि शेवटी उरतं ते युरिक ॲसिड. म्हणजे बराचसा माल शरीरातच तयार होतो, जेवणातून येणारा भाग त्यामानाने कमी. साधारण दोन तृतीयांश किडनी बाहेर टाकते, बाकीचं आतड्यांवाटे जातं. बहुतेक सस्तन प्राण्यांकडे याचंही पुढे विघटन करणारं युरिकेज नावाचं एन्झाइम असतं. आपल्याकडे त्याचं जनुक आहे, पण ते आपल्या एप पूर्वजांमध्येच बंद पडलं. कोडमध्ये कमेंट करून ठेवलेलं फंक्शन असतं ना, तसं.

आता आकड्याकडे. शरीराच्या तापमानाला एक डेसीलिटर रक्तात साधारण ६.८ मिलीग्रॅमपर्यंतच ते विरघळून राहतं. त्यापुढे स्फटिक बनू शकतात. थंड पाण्यात साखर कमी विरघळते, तसंच इथेही होतं, आणि पायाचा अंगठा बाकी शरीरापेक्षा थंड असतो. अटॅक बरेचदा तिथेच येण्यामागे हे एक कारण आहे. सुईसारख्या स्फटिकांवर रोगप्रतिकारक पेशी तुटून पडतात आणि एका रात्रीत अंगठा लालभडक होतो. बाबांचा पहिला अटॅक पहाटे तीनला आला होता. चादर लागली तरी ओरडत होते.

पण बनू शकतात म्हणजे बनतीलच असं नाही. अमेरिकेतल्या चार मोठ्या पाहण्यांचा डेटा एकत्र करून बघितला गेला. युरिक ॲसिड १० किंवा त्याहून जास्त असलेल्यांपैकी १५ वर्षांत सुमारे निम्म्यांना गाऊट झाला, ६ च्या खाली असलेल्यांत जेमतेम एक टक्का लोकांना. म्हणजे १० असूनही निम्मे सुटले!

खरी भीती असते ती हार्ट आणि किडनीची. युरिक ॲसिड जास्त असलेल्यांत बीपी, डायबिटीस, किडनीचे आजार जास्त दिसतात, हे खरं आहे. पण कोणामुळे कोण? किडनी थकली की युरिक ॲसिड साचतं. रक्तात इन्सुलिन जास्त राहिलं तरी किडनी ते धरून ठेवते. म्हणजे बाण उलटाही असू शकतो. तपासायचा सरळ उपाय: गोळीने आकडा खाली आणा आणि फरक पडतो का बघा. ते करूनही झालंय. २०२० मध्ये किडनीवरच्या दोन चाचण्या आल्या, २०२२ मध्ये ब्रिटनमधली ऑल-हार्ट ही चाचणी आली, तिच्यात ५,७०० हून जास्त हृदयरुग्ण होते. ॲलोप्युरिनॉल देऊन किडनीची घसरण थांबली नाही, हार्ट अटॅकही कमी झाले नाहीत. म्हणून काही त्रास नसेल तर नुसत्या आकड्यासाठी डॉक्टर सहसा गोळी देत नाहीत.

गाऊट झालेल्याचं मात्र वेगळं, आणि इथे आमच्या घरी मोठी चूक झाली. बाबा अटॅक आला की मेडिकलमधून पेनकिलर आणायचे, दुखणं थांबलं की विषय संपला. वर्षानुवर्षं हेच. शेवटी क्रिएटिनिन वाढलं तेव्हा डॉक्टरांनी झापलं. वारंवार अटॅक येत असतील तर आकडा ६ च्या खाली ठेवणारी गोळी रोज घ्यावी लागते, दुखत नसतानाही. सुरुवातीला गोळीमुळेच अटॅक येऊ शकतो, म्हणून डॉक्टर सोबत दुसरं औषध देतात. अंगावर पुरळ आलं तर मात्र गोळी थांबवून लगेच त्यांना गाठायचं. आणि गंमत म्हणजे ऐन अटॅकमध्ये रिपोर्ट नॉर्मलही येऊ शकतो, त्यावरून निर्धास्त होऊ नका.

आता डाळ. २००४ मध्ये ४७,००० पुरुषांची १२ वर्षांची पाहणी प्रसिद्ध झाली. मटण आणि मासळीने गाऊटचा धोका वाढला, दूध-दह्याने कमी झाला. वाटाणे, मसूर, पालक यांसारख्या प्युरिनवाल्या भाज्या-कडधान्यांनी धोका वाढलाच नाही! त्याच मंडळींच्या २००८ च्या अहवालात साखरेची कोल्ड्रिंक्स मात्र सापडली. त्यातलं फ्रुक्टोज लिव्हरमध्ये पचताना युरिक ॲसिड वाढवतं. बिअरचं तर विचारूच नका, अल्कोहोल आणि प्युरिन दोन्ही एकाच ग्लासात.

बाबांनी डाळ सोडली होती, पण जेवणानंतर बाटलीतलं मँगो ड्रिंक आणि रविवारचं सुकट चालूच होतं. माझं म्हणाल तर शुक्रवारची बिअर, आणि रात्रीच्या डिप्लॉयमेंटला कोल्ड्रिंक.

हा भाग लिहायला बसलो तेव्हा तोच रिपोर्ट पुन्हा उघडला. पहिल्या पानावर, काळ्या शाईत, हाताने लिहिलेलं होतं: बीपी १३८/८८. वय २८. लाल रंग नाही, बाण नाही, म्हणून मीही बघितलं नव्हतं आणि आईनेही. परवा बीपीचं मशीन घेतलंय, सकाळ-संध्याकाळ मोजतोय, पुढच्या आठवड्यात डॉक्टरांना दाखवणार आहे. आणि हो, घरी काल आमटी झाली. बाबांनी दोनदा वाढून घेतली.