सुट्टी, घाम आणि सूर्यनमस्कार

काय दोस्तांनो, परीक्षा संपली, निकालही लागला, आता नुसती धमाल! सकाळी नऊपर्यंत लोळायचं, दिवसभर क्रिकेट नाहीतर टीव्ही, संध्याकाळी बर्फाचा गोळा आणि चार दिवसांनी कुणाच्या तरी लग्नात जिलबी. मग जून उजाडतो. शाळेचा गणवेश कपाटातून बाहेर येतो आणि कमरेचं बटण काही केल्या लागत नाही! अशा वेळी कुणीतरी शहाणा सल्ला देतो, 'अरे, हॉट योगा कर. गरम खोलीत घाम गाळला की चरबी वितळते.'

आता एक प्रसंग डोळ्यांपुढे आणा. गोरेगावातली एक इमारत. मे महिन्यातली दुपार, तीनचा सुमार. आमरस-पुरी जेवून तासही झालेला नाही. आपला मित्र खोलीच्या खिडक्या लावतो, पंखा बंद करतो, अंगात स्वेटर चढवतो आणि सूर्यनमस्कार सुरू करतो. दहा होतात, पंधरा होतात. घामाच्या धारा लागतात. त्याला वाटतं, झकास! विसाव्या नमस्काराला डोळ्यांपुढे अंधारी येते, पोटात ढवळतं आणि तो मटकन खाली बसतो.

हसू नका हं! घाम आला म्हणजेच व्यायाम झाला, असं मोठ्या माणसांनाही वाटतं. म्हणून आज या घामाचीच जरा चौकशी करू या.

'योग'चा 'योगा' झाला

हॉट योगा हा प्रकार प्रसिद्ध केला तो मूळच्या कोलकात्याच्या विक्रम चौधरी यांनी. त्यांचे गुरू विष्णुचरण घोष हे बंगालमधले नामांकित व्यायामपटू. विक्रम चौधरी अमेरिकेत गेले आणि 1970 च्या दशकात लॉस एंजेलिसमध्ये त्यांनी वर्ग सुरू केले. 26 आसनं, दोन श्वसनाचे प्रकार, दीड तास वेळ आणि खोलीचं तापमान सुमारे 40.5 अंश सेल्सिअस! हवेतली आर्द्रता 40 टक्के. बाहेर थंडी आणि आत भट्टी.

आसनांच्या या क्रमावर आपला मालकी हक्क आहे, असा त्यांचा दावा होता. 2015 मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयाने तो फेटाळला. पुढे विद्यार्थिनींशी गैरवर्तन केल्याबद्दलही त्यांच्यावर खटले झाले, म्हणून अनेक वर्गांनी त्यांचं नाव काढून टाकलं. 'हॉट योगा' हे नाव मात्र टिकलं.

आता गंमत बघा. मे महिन्यात आपल्याकडे दुपारचं तापमान 33-34 अंश असतं, आर्द्रता 65-70 टक्क्यांच्या घरात. हिशेब मांडला तर गोरेगावच्या हवेतली वाफ त्या अमेरिकी वर्गातल्या हवेपेक्षा कमी तर नसतेच, उलट थोडी जास्तच भरते! म्हणजे तिकडचे लोक पैसे मोजून जी दमट हवा तयार करतात, ती आपल्याला खिडकीतून फुकट मिळते. मग आपण भाग्यवान म्हणायचं का? थांबा, घाईने उत्तर देऊ नका.

माठ, कूलर आणि आपण

नागपूरला कुणी नातेवाईक आहेत तुमचे? त्यांच्याकडे खिडकीत मोठा कूलर असतो. वाळ्याच्या ओल्या ताट्यांमधून वारा आत येतो आणि बाहेर 43 अंश असले तरी खोली गार होते. तोच कूलर उचलून गोरेगावला आणला तर? खोली गार होणार नाही, चिकचिक मात्र वाढेल. असं का?

कारण पाण्याची वाफ होताना ते आजूबाजूची उष्णता ओढून घेतं. नागपूरची हवा उन्हाळ्यात कोरडी असते, त्यामुळे पाणी झटपट उडतं. आपली हवा समुद्राच्या वाफेने आधीच भरलेली. तिच्यात आणखी वाफ शिरायला जागाच कमी! आपल्याकडचा माठ नागपूरच्या माठाइतकं पाणी गार करत नाही, त्याचंही कारण हेच.

आता लक्षात घ्या, आपलं शरीर म्हणजेसुद्धा एक माठ आहे. आतलं तापमान 37 अंशांच्या आसपास ठेवण्यासाठी ते घाम बाहेर सोडतं. पण नुसता घाम येऊन गारवा मिळत नाही. घाम *वाळला*, तरच गारवा मिळतो. अंगावरून टपटप गळणारा घाम जवळजवळ वायाच गेला म्हणा ना! त्यातून पाणी जातं, मीठ जातं आणि शरीर तापलेलं ते तापलेलंच राहतं.

आणि चरबीचं काय? घामात चरबी नसतेच. पाणी आणि थोडे क्षार, बस्स. घाम गाळून काटा अर्धा किलो खाली आला, तरी दोन-अडीच ग्लास पाणी प्यायलात की पुन्हा जैसे थे.

करून पाहा

दोन सारखे रुमाल भिजवून पिळा. एक पंख्याखाली वाळत घाला, दुसरा न्हाणीघरात दार-खिडकी लावून. कोणता आधी वाळतो, किती मिनिटं आधी, हे वहीत लिहा. बंद खोलीत आपल्या घामाचं काय होतं, ते तुम्हाला कुणी सांगावं लागणार नाही. पंखा हवा गार करत नाही बरं का! तो अंगाजवळची दमट हवा बाजूला ढकलतो आणि घाम वाळायला मदत करतो. आपल्या मित्राने नेमका तोच बंद केला होता.

उष्णतेचा फायदा किती?

अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात संशोधकांनी हे तपासून पाहिलं. 40 ते 60 वर्षांच्या, व्यायामाची सवय नसलेल्या माणसांचे त्यांनी तीन गट केले. एका गटाने 40.5 अंशांच्या खोलीत आसनं केली. दुसऱ्याने तीच आसनं 23 अंशांच्या खोलीत केली. तिसऱ्या गटाने काहीच केलं नाही. बारा आठवडे, आठवड्यातून तीनदा. 2018 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गरज पडेल तशा रुंदावण्याची रक्तवाहिन्यांची क्षमता आसनं करणाऱ्या दोन्ही गटांत सुधारली होती. म्हणजे रक्तवाहिन्यांना फायदा झाला तो आसनांमुळे. त्यासाठी खोली तापवण्याची गरज पडली नाही.

उष्णता काय करू शकते, हे आपण जवळच पाहिलं आहे. 16 एप्रिल 2023 रोजी नवी मुंबईत खारघरला मोठा कार्यक्रम झाला. लाखो माणसं भर उन्हात उघड्या मैदानावर बसली होती. तापमान 38 अंशांच्या आसपास होतं, तरी त्या दिवसाच्या उन्हाने 14 जणांचे प्राण गेले. व्यायाम तर सोडाच, ती माणसं नुसती बसलेली होती.

आपल्या दाराशी असलेला योग

योग शिकायला अमेरिकेकडे कशाला बघायचं? गोरेगावहून गाडीत बसा, अंधेरीला उतरा, तिथून वेसावे जवळच. त्या वेसाव्याच्या समुद्रकाठी 1918 मध्ये श्री योगेंद्र यांनी 'द योगा इन्स्टिट्यूट' सुरू केली. आज ती सांताक्रूझला आहे, शंभरी ओलांडून गेलेली. 1924 मध्ये स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केलं आणि योगाचे शरीरावर होणारे परिणाम उपकरणं लावून मोजायला सुरुवात केली. आणि औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी तर सूर्यनमस्कारांचे एवढे भोक्ते, की त्यांनी आपल्या संस्थानातल्या शाळांमधून ते सुरू केले.

पंधराव्या शतकाच्या सुमाराच्या 'हठयोगप्रदीपिका' या ग्रंथात घामाचा उल्लेख आहे. पण तो स्वतःच्या श्रमातून आलेल्या घामाचा, शेगडीने काढलेल्या नव्हे. त्यात आहाराबद्दलही सांगितलं आहे. गोड, स्निग्ध अन्न खावं, पण पोटाचा चौथा भाग रिकामा ठेवावा. ऐकलंत ना? म्हणजे आमरसाला बंदी नाही. लग्नाच्या पंगतीत तिसऱ्यांदा जिलबी आली की मात्र हा चौथा भाग आठवायचा!

मग सुट्टीत काय करायचं?

मे महिन्यात आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास उगवतो. तेव्हाच उठा. दिवसातली सर्वांत गार वेळ ती. आरे कॉलनीच्या बाजूला राहत असाल तर झाडांवरून येणारा वारा मिळेल. नाहीतर गच्ची, गॅलरी, उघडी खिडकी काहीही चालेल. अंगात सैल सुती कपडे असू द्या.

पहिल्या आठवड्यात रोज सहाच सूर्यनमस्कार घाला, सावकाश. मग दर आठवड्याला दोन-दोन वाढवत बारापर्यंत जा. पुढे ताडासन, वृक्षासन, भुजंगासन आणि शेवटी पाच मिनिटं शवासन. नवं आसन शाळेतल्या सरांकडून किंवा घरातल्या जाणत्या माणसाकडून शिकून घ्या. हृदयाचा, दम्याचा किंवा पाठीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणखी एक मजेदार प्रकार म्हणजे शीतली. जीभ बाहेर काढून नळीसारखी वळवायची, तिच्यातून हवा आत घ्यायची, तोंड मिटायचं आणि नाकाने श्वास सोडायचा. तोंडात कसं गारगार वाटतं! पाच-सहा वेळा पुरे. जीभ वळत नसेल तर दातांवर दात ठेवून फटीतून हवा घ्या, ती झाली सीत्कारी. सर्दी-खोकला असेल किंवा हवेत धूळ असेल तर मात्र नको.

दिवसभर थोडं थोडं पाणी पीत राहा. ताक, पन्हं, कोकम सरबत घरचं असेल तर उत्तमच. आणि दुपारी बारा ते तीन क्रिकेटला सुट्टी द्या. तिलाही हवीच की!

चक्कर आली तर

उन्हात किंवा व्यायाम करताना डोकं ठणकलं, मळमळलं, पायात गोळे आले की ताबडतोब थांबा. 'अजून दोनच' असं म्हणू नका. सावलीत बसा, पंखा लावा, मान आणि काखेत ओलं फडकं ठेवा, घोट घोट पाणी प्या. मित्र असंबद्ध बोलू लागला किंवा बेशुद्ध झाला, तर मोठ्या माणसांना हाक मारा आणि 108 वर फोन करून रुग्णवाहिका बोलवा. तोवर त्याचं अंग ओलं करून वारा घालत राहा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी मात्र कधीही ओतायचं नाही.

तर दोस्तांनो, घाम आला तर येऊ द्या, त्याला घाबरू नका. फक्त त्याला वाळायला जागा द्या. आपल्या त्या मित्रालाही सांगा, स्वेटर काढ, खिडकी उघड आणि दुपारचे तीन सोडून सकाळी सहाला ये.

मग काय, उद्या गजर लावणार ना?