गडावर कुत्रा नेताना

युधिष्ठिराच्या मागोमाग एक कुत्रा हिमालय चढला. द्रौपदी आणि भाऊ वाटेत पडले तरी तो थांबला नाही. पण तो साक्षात धर्म होता, त्याला तहान लागली नसावी. घरच्या कुत्र्याला गडावर नेणाऱ्याने त्या कथेवर विसंबू नये.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. थोडा पंजांच्या गाद्यांतून येतो, बाकी उष्णता धापा टाकूनच बाहेर घालवावी लागते. त्याच्या अंगाचे तापमान मुळातच ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असते. ते ४१ च्या वर गेले की जिवावर बेतते. सह्याद्रीचा काळा कातळ उन्हाळ्यात किती तापतो हे सांगायला नको, आणि कुत्रा तर अनवाणीच! आपला तळहात कातळावर टेकवून पाहावा. आपल्याला सोसवत नसेल तर त्यालाही सोसणार नाही.

खरी अडचण अशी की तो तक्रार करीत नाही. धनी चालतो तोवर तो चालतो, आणि चालता चालताच कोसळतो. म्हणून माघारी फिरण्याचा निर्णय आपणच घ्यायचा असतो. धाप थांबेना, लाळ घट्ट झाली, पाय अडखळू लागले, की त्याला सावलीत न्यावे, अंग पाण्याने भिजवून वारा घालावा आणि उतरून गुरांच्या डॉक्टरांकडे न्यावे. गड कुठे पळून जात नाही. माझे वडील मेंढरे राखतात. ऊन चढले की कळप झाडाखाली बसवतात आणि उन्हे कलल्यावरच हलतात. वडील शाळेत गेलेले नाहीत. मला ग्रंथालयात जे वाचायला मिळाले ते याहून फारसे वेगळे नव्हते.

त्याचे पाणी वेगळे न्यावे. टाक्यात उतरू देऊ नये, ते पाणी इतरांनाही प्यायचे असते. आपल्या खाऊतले मनुके आणि चॉकलेट त्याला विषासमान आहेत.

कळसूबाईच्या वाटेवर लोखंडी शिड्या आहेत, तिथे चार पायांचे काम नव्हे. शिवाय तो परिसर अभयारण्याचा. अशा ठिकाणी वनखात्याला आधी विचारावे. त्याच अकोले तालुक्यात विद्या अत्रेया व सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला, तेव्हा त्यांच्या खाद्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला. साखळी सोडून कुत्र्याला झुडपांत हुंदडू देणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. कपारीतले फुरसे निराळेच. रेबीजची लस तर निघण्यापूर्वीच टोचलेली हवी.

आणखी एक. पायथ्याच्या गावातला एखादा कुत्रा एका बिस्किटावर आपल्यामागे गड चढतो. आपल्याला गंमत वाटते, फोटोही निघतात. मग आपण पलीकडच्या वाटेने उतरून तिकडूनच एस.टी. धरतो, आणि तो परक्या गावच्या कुत्र्यांच्या तावडीत एकटा राहतो. दुसऱ्या बाजूने उतरायचे असेल, तर बिस्किटाचा पुडा पहिल्या गावात पिशवीबाहेर काढूच नये.