सिंधी टाका : एक पट्टी, चार फेऱ्या

कशिद्यावर बोलायला कामगार चळवळीतला माणूस उभा राहावा, याचे आपणांस नवल वाटेल. आम्हांलाही वाटते. पण हा विषय आमच्याकडे आला तो मजुरीच्या तंट्यातून, आणि आम्ही तो शिकलो तो आमच्याच चुकीमुळे.

ज्या बारवी धरणाचे पाणी आपण पितो, तेच पाणी उल्हासनगरही पिते. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीतल्या बराकींत आसरा मिळाला. १९४९ साली त्या वस्तीला उल्हास नदीवरून नाव पडले. घरे, शेती, दुकाने सारे मागे राहिले. बायकांच्या बोटांतले कसब मात्र वाटेत कोणाला काढून घेता आले नाही. सिंधी टाका हा त्यातलाच.

तो असा घालतात. कापडावर बोटभर अंतराने दोन समांतर रेघा आखाव्या. डावीकडून सुरुवात करून दोरा तिरपा वरच्या रेघेवर न्यावा, तिथे उजवीकडून डावीकडे छोटा टाका घ्यावा, मग तिरपे खाली येऊन खालच्या रेघेवर तसाच टाका घ्यावा. शाळेत मुलींना शिकवतात तो मच्छी टाका हाच. फक्त इथे घरे ऐसपैस ठेवायची. दुसऱ्या फेरीत त्या मोकळ्या घरांत तसाच टाका भरायचा. दोरे एकमेकांना छेदतात तिथे एकदा वरून, एकदा खालून अशी पाळी सांभाळावी लागते. हा झाला पाया. आता दुसरा दोरा घेऊन पट्टीच्या वरच्या अंगाने वर-खाली गुंफत जायचे, टोकाला वळायचे आणि खालच्या अंगाने गुंफत परतायचे. या गुंफणीत सुई कापडात शिरतच नाही, म्हणून जाणत्या बायका सुईचे टोक मागे ठेवून नेढे पुढे करतात. दोरा ओढून घेतला तर कापडाला चुण्या पडतात. आणि पायात एक छेद चुकला, तर तो कळतो गुंफणीच्या वेळी. तोवर सगळे उसवण्यावाचून गती नसते.

कशिद्याची परीक्षा कापड उलटून करावी, असे आपण मानतो. धारवाड-बेळगावकडच्या कसुतीला ते लागू आहे. तिथल्या गावंती टाक्यात जाताना सुटलेली जागा परतताना भरतात, म्हणून दोन्ही बाजू सारख्या दिसतात. सिंधी टाक्याची पाठ मात्र जवळजवळ रिकामी असते, नुसत्या ठिपक्यांच्या दोन ओळी. दोऱ्याची ही काटकसर आहे. गरिबाच्या घरी टाका टिकतो तो अशाने. तुर्कस्तानातील मराश गावच्या आर्मेनियन स्त्रियाही अशाच गुंफणीचे काम करीत. पहिल्या महायुद्धाच्या काळात व त्यानंतर त्याही देशोधडीला लागल्या, आणि त्यांच्याबरोबर त्यांचे भरतकामही परमुलखात गेले.

आता तंट्याकडे वळू. काही वर्षांपूर्वी घरी गठ्ठे नेऊन भरतकाम करणाऱ्या बायका आमच्याकडे आल्या. १९४८ च्या किमान वेतन कायद्याने असा माल घरी नेणाराही कामगार धरला होता, हे आम्हांला पाठ होते. टाका मात्र ठाऊक नव्हता. मागणीपत्रात आम्ही साखळी टाका आणि सिंधी टाका यांना वितीमागे एकच दर लिहिला. त्यांच्यातल्या एका वयस्क बाईने तो कागद वाचून घेतला, कापड आणि सुई आमच्या हातात दिली आणि म्हणाली, "भाऊ, एक वीत तुम्ही भरा, मग दर लिहा."

आमची पूर्ण संध्याकाळ त्यात गेली, तरी वीत भरली नाही. दिसायला पट्टी एक, पण हात चार वेळा फिरतो. पायाच्या दोन फेऱ्या आणि गुंफणीच्या दोन. नव्या मागणीपत्रात वितीऐवजी फेऱ्या लिहिल्या. कंत्राटदाराने कापड उलटे केले आणि "मागे तर काहीच नाही" असे म्हणाला. गुंफणीत कापड टोचावे लागत नाही, तर ते काम कसले, असाही त्याचा सवाल होता. आम्ही त्याच्यापुढे सुई धरली. त्याने घेतली नाही. अखेर तीन फेऱ्यांवर तडजोड झाली. चौथीची मागणी आम्ही सोडलेली नाही.

आमची ती अर्धवट पट्टी संघटनेच्या कचेरीत आहे. तिसऱ्या घरात छेद चुकला आहे. बायका येता-जाता दाखवतात आणि हसतात.