सरौता, सुडी, अडकित्ता

चित्रकलेची बाई म्हणून बत्तीस वर्षं काढली आणि त्यातली निम्मी दोन डोंगरांमधून उगवणारा सूर्य तपासण्यात गेली. येरवड्यातल्या शाळेतली मुलं ही. खिडकी उघडली की समोरच्या बिल्डिंगच्या पाण्याच्या टाक्या दिसतात, पण कागदावर मात्र नदी, झोपडी आणि बरोबरच्या खुणेसारखे पक्षी.

एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांना स्मरणचित्राचा पेपर असतो. नाव किती सुंदर! बाजार, बसथांबा, सण, जे विचारलंय ते आपल्या आठवणीतून काढायचं. प्रत्यक्षात छत्रीवाला बाबा, टोपलीवाली बाई आणि एक पाठमोरा मुलगा अशा तीन आकृत्या पाठ करून मुलं येतात. विषय कुठलाही असो, हे तिघं हजर. मुलांना दोष देऊन उपयोग नाही. कलाशिक्षणावर लिहिणाऱ्या व्हिक्टर लोवेनफेल्डने 1947 सालच्या पुस्तकात नोंदवलं आहे की अकरा-बारा वर्षांपुढे मूल स्वतःच्या चित्राकडे परक्याच्या नजरेने बघायला लागतं. हात चुकेल, कुणीतरी हसेल, या भीतीने मग ते घोटलेल्या चित्राच्या आड लपतं.

कधी कधी लपायला आपणच भाग पाडतो. एका वर्षी नववीला मी ‘आमच्या घरची दिवाळी’ विषय दिला आणि सोपं जावं म्हणून फळ्यावर आकाशकंदील, किल्ला, फराळाचं ताट काढून दिलं. एक मुलगी तासभर समासच आखत बसली. एक समास, त्याच्या आत दुसरा, त्याच्या आत तिसरा. मी चिडलेसुद्धा. पुढे कळलं की दिवाळी तिच्याकडेही होतीच. त्यांच्या लमाण तांड्यावर अवसेच्या रात्री कुमारिका दिवे घेऊन घरोघर जातात. माझ्या फळ्यावरच्या दिवाळीत त्या दिव्याला जागा नव्हती.

त्यानंतर मी सण हा विषय सोडला आणि वस्तू धरल्या. त्यासाठी पुण्यात शुक्रवार पेठेतल्या राजा केळकर संग्रहालयासारखी जागा नाही. ‘अज्ञातवासी’ नावाने कविता लिहिणारे दिनकर केळकर जुन्या वाड्यांतून, बाजारांतून घरगुती वस्तू गोळा करत राहिले आणि लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं, नाव त्यांनी संग्रहाला दिलं. 20,000च्या वर वस्तू आहेत. तलवारीही आहेत, पण माझा जीव दिवे, फण्या, वज्र्या आणि अडकित्त्यांत.

अडकित्त्यांच्या कपाटापाशी मुलांना जमिनीवर बसवलं. पितळेचे, कुणी माणसाच्या आकाराचा, कुणी पक्ष्याच्या. हडपसरला राहणारा, मूळचा बिहारचा एक मुलगा आख्ख्या वर्षात तोंड उघडत नसे. तो एकदम म्हणाला, “बाई, हा तर सरौता. दादीचा आहे आमच्याकडे.” बोहरी आळीतली मुलगी म्हणाली, “आम्ही सुडी म्हणतो.” मग मीही सांगितलं, की कानडीत सुपारीला अडिके म्हणतात आणि आपला अडकित्ता तिकडूनच आलाय. सदाशिव पेठेतल्या माझ्या आजीच्या पानाच्या डब्यातला हा शब्द! तिला सांगितलं असतं तर पटलं नसतं.

चौदा वर्षांच्या पोराला ‘तू कोण, कुठला’ विचारलं की ते अंग चोरतं. घरी सुपारी कशाने कातरतात विचारलं की ते बोलतं, आणि बोलता बोलता हात चालतो. वस्तुचित्राचा फायदा हाच. सगळे वस्तूकडे बघत असतात, त्यामुळे मुलाकडे कुणी बघत नाही. पुढच्या तासाला मी सांगितलं, घरातली एक वस्तू आणा, वर्गातल्या दुसऱ्या कुणाकडे नसेल अशी.

समासवाली मुलगी वर्तमानपत्रात गुंडाळून आईची कांचळी, म्हणजे चोळी, घेऊन आली. कवड्या, भरतकाम, भिंगं. कवड्या पटापट जमल्या. भिंगांशी गाडी अडली. राखाडी लावून बघितलं, पांढरा लावून बघितला.

“बाई, आरशाचा रंग कुठला?”

“आरशाला रंग नसतो. त्यात काय दिसतंय ते काढ.”

तीन तास गेले. एका भिंगात ट्यूबलाइट, एकात खिडकीचे गज, एकात शेजारणीचा निळा फ्रॉक. एवढाल्या टिकल्यांत, शून्य नंबरच्या ब्रशने.

परीक्षेच्या सवयीने तिने कोपऱ्यात नंबर टाकला. ग्रेड परीक्षेत चित्रावर नाव घालायचं नसतं. मला फ्रीडल डिकर-ब्रँडाइस आठवली. नाझींच्या टेरेझिन छावणीत ही चित्रकार यहुदी मुलांना चित्रकला शिकवायची आणि प्रत्येक कागदावर ज्याचं त्याला नाव लिहायला लावायची. 1944 मध्ये तिला ऑशवित्झला नेऊन मारलं. दोन सुटकेसांमध्ये लपवलेली सुमारे 4,500 चित्रं मागे राहिली, ती आज प्रागमध्ये आहेत.

“नंबर खोड,” मी म्हटलं, “नाव लिही.”

तिने खोडलं, नाव लिहिलं आणि पेन्सिल तशीच धरून विचारलं, “आडनाव पण लावू?”

मी म्हटलं, “तुझं चित्र आहे.” ती पेन्सिलीला टोक काढायला केराच्या डब्यापाशी गेली आणि बराच वेळ तिथेच उभी राहिली.