पदरची माणसे : ‘रेटिन्यू’ या शब्दाचा अर्थ

राजा, सरदार किंवा धर्माधिकारी यांच्या दिमतीला असणाऱ्या सेवकवर्गाला इंग्रजीत ‘रेटिन्यू’ म्हणतात आणि मराठीत त्यासाठी बहुधा ‘लवाजमा’ हा शब्द योजला जातो. परंतु दोन्ही शब्दांची मुळे तपासली असता हा प्रतिशब्द अपुरा ठरतो. ‘लवाजमा’ मूळ अरबी असून ‘लाजिम’, म्हणजे आवश्यक, या शब्दाशी त्याचे नाते आहे, त्यामुळे त्यात माणसांबरोबरच हत्ती, पालखी, छत्र-चामरे असा सारा सरंजाम मोडतो. ‘रेटिन्यू’मध्ये केवळ माणसे येतात, आणि तीही एका विशिष्ट नात्याने बांधलेली.

इंग्रजीत १४ व्या शतकात रुळलेला हा शब्द जुन्या फ्रेंच भाषेतील ‘राखणे, धरून ठेवणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून आला असून त्या क्रियापदाचे मूळ लॅटिन ‘रेतिनेरे’मध्ये आहे. धन्याने चाकरीत राखलेली मंडळी, हा त्याचा गाभा. मराठीत ‘पदरी ठेवणे’ या वाक्प्रचारात हाच भाव नेमका उतरला आहे. म्हणून ‘पदरची माणसे’ हाच अधिक प्रामाणिक अनुवाद होय.

इंग्लंडमध्ये हे राखणे बऱ्याचदा लेखी कराराने होई. एकाच चर्मपत्रावर तोच मजकूर दोनदा लिहून ते मधोमध दातेरी किंवा नागमोडी रेषेत कापीत. एक भाग धन्याकडे व दुसरा चाकराकडे राही, आणि पुढे वाद उद्भवल्यास दोन्ही कडा जुळवून कराराचा खरेपणा पडताळता येई. या दातांवरूनच अशा कराराला ‘इंडेंचर’ हे नाव पडले. चाकरांना धन्याकडून मिळणाऱ्या अन्नवस्त्राला, आणि पुढे त्याच्या रंगाच्या पोशाखाला व चिन्हाला, ‘लिव्हरी’ म्हणत. हा शब्दही फ्रेंचच, ‘हाती देणे’ या अर्थाचा. असे चिन्ह मिरवणारी माणसे धन्याच्या बळावर न्यायालयांवरही दडपण आणू लागली, तेव्हा १३९० मध्ये दुसऱ्या रिचर्डच्या आणि १५०४ मध्ये सातव्या हेन्रीच्या कारकिर्दीत या प्रथेवर निर्बंध घालण्यात आले.

१९ व्या शतकात इंग्रजीने फ्रेंचमधून उचललेला, ‘रेटिन्यू’च्या जवळपासच्या अर्थाचा ‘आंतुराज’ हा शब्द मात्र ‘वेढणे’ या क्रियापदावरून बनला आहे आणि त्यात चाकरीचे बंधन नाही. त्याचे खरे भावंड संस्कृतात सापडते: ‘परिवार’, म्हणजे भोवती असणारे. आज या शब्दाचा अर्थ कुटुंबापुरता आकसला असला, तरी गोव्यातील देवळांत मुख्य दैवताच्या सभोवतालच्या देवतांना अजूनही ‘परिवार देवता’च म्हणतात.