सोळा संघ, सव्वादोनशे गाद्या

दरवर्षी हंगामात आपल्या कोल्हापुरात वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एक लहानशी बातमी येते. अमुक महाविद्यालयाला आंतरविभागीय बास्केटबॉल स्पर्धेचे यजमानपद. सोबत एखादा फोटो असतो, उद्घाटक कोण तेही छापलेले असते. आपण बातमी वाचतो आणि म्हणतो, वा! कॉलेजला मान मिळाला. पण त्या मानाच्या पाठोपाठ एक जमाखर्चाची वही येते. ती कुठे छापून येत नाही. आज त्या वहीविषयी थोडे बोलावे म्हणतो.

मी काही वर्षे एका महाविद्यालयाच्या जिमखाना समितीत होतो. खेळाडू म्हणून माझी कामगिरी सांगण्यासारखी नाही, पण गाद्या मोजण्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता. गाद्या कशासाठी, ते पुढे येईलच.

आधी या स्पर्धांची उतरंड समजून घेऊ. शिवाजी विद्यापीठाची स्थापना १८ नोव्हेंबर १९६२ ची. सोलापूरचे वेगळे विद्यापीठ २००४ मध्ये झाल्यापासून कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तीन जिल्हे त्याच्या कक्षेत आहेत. महाविद्यालयांचे संघ प्रथम आपापल्या विभागात खेळतात. तिथले विजेते आंतरविभागीय स्पर्धेत भेटतात. त्यातून विद्यापीठाचा संघ निवडला जातो. तो पुढे असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज या दिल्लीच्या संस्थेच्या पश्चिम विभाग स्पर्धेला जातो. तिथे राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेश, गोवा अशा ठिकाणचे संघ असतात. तिथे पहिल्या चारांत आला, तर अखिल भारतीय स्पर्धा. शिवाय आपल्या राज्यातल्या विद्यापीठांचा ‘अश्वमेध’ महोत्सव वेगळाच. यातली प्रत्येक पायरी कुणाच्या तरी अंगणात खेळवावी लागते. अंगण देणारा तो यजमान.

आता गणित करू. सोपे आहे, कागद-पेन्सिल लागणार नाही. समजा पश्चिम विभागाच्या एखाद्या स्पर्धेला सोळा संघ आले. बास्केटबॉलच्या संघात १२ खेळाडू, सोबत एक प्रशिक्षक आणि एक व्यवस्थापक. म्हणजे माणसे १४. सोळा चोक चौसष्ट करीत बसलात, तर एकूण २२४ होतात. पहिल्या रात्री सव्वादोनशे माणसांना पाठ टेकायला जागा हवी. वसतिगृहात मुले राहत असतातच. मग वर्गातले बाक बाहेर काढायचे आणि मंडपवाल्याकडून गाद्या, उशा, चादरी भाड्याने आणायच्या. मंगल कार्यालय घ्यावे म्हटले, तर तुळशीचे लग्न झाले की माणसांच्या लग्नांनी कार्यालये भरतात. सुट्टीच्या दिवशी अंबाबाईच्या दर्शनाला आलेल्या यात्रेकरूंनी लॉज आणि धर्मशाळा भरलेल्या असतात.

स्पर्धा बाद पद्धतीची असेल, तर पहिल्या दिवशी आठ सामने, दुसऱ्या दिवशी चार. उरलेल्या चार संघांची साखळी, म्हणजे सहा सामने, रोज दोन याप्रमाणे तीन दिवस. एकूण सामने १८. राहायला माणसे पहिल्या रात्री २२४, दुसऱ्या रात्री ११२, नंतर तीन रात्री ५६. बेरीज ५०४. एका माणसाची एक रात्र हे माप धरले, तर यजमानाने ५०४ रात्रींची सोय करायची.

यावर कोणीही विचारील, की राजस्थानातून दीड-दोन दिवस प्रवास करून आलेला संघ एकच सामना खेळून परत जायचा, हा कुठला न्याय? रास्त प्रश्न आहे. मग चार-चार संघांचे गट करा आणि गटातही साखळी ठेवा. प्रत्येकाला निदान तीन सामने मिळतील. गटांचे सामने २४, शेवटच्या साखळीचे ६, मिळून ३०. आता मात्र सगळे संघ तीन रात्री राहणार, म्हणजे ६७२. पुढे चार संघ आणखी तीन रात्री, म्हणजे १६८. एकूण ८४०. एका माणसामागे एका रात्रीचा खर्च नुसता धरायचा म्हणून २०० रुपये धरला, तर एक लाख आठशेचे एक लाख अडुसष्ट हजार झाले. खेळाडूला न्याय द्यायचा, तर त्याची किंमत ही अशी गाद्यांत मोजावी लागते.

बरे, हे झाले कागदावरचे. प्रत्यक्षात हरलेला संघ लगेच जात नाही. आपले कोल्हापूर म्हणजे रेल्वेचे शेवटचे स्टेशन. परतीची चौदा तिकिटे एकदम मिळायची, तर आरक्षण कितीतरी आधी करावे लागते. आणि आपण कधी हरणार, हे आधी कोणाला ठाऊक असते? प्रत्येक संघ आशेने शेवटच्या दिवसाचे तिकीट काढून येतो. मंगळवारी हरतो आणि शनिवारच्या गाडीची वाट पाहत राहतो. ती मुले दोन दिवस रंकाळा पाहतात, पन्हाळा पाहतात, चपला घेतात आणि रात्री आपल्याच गादीवर येऊन झोपतात. एका वर्षी अशा संघांचा विचारच आम्ही अंदाजपत्रकात केला नव्हता. गाद्यांचे बिल आले तेव्हा आमच्या समितीचे चेहरे पाहण्यासारखे झाले होते.

जेवण बहुधा संघांनी आपल्या भत्त्यातून करायचे असते, पण त्याची व्यवस्था यजमानाच्याच गळ्यात. पाहुणा कोल्हापुरात आला की तांबडा-पांढरा मागणार. सामन्याच्या आदल्या रात्री तो देऊ नये, हे सांगायचे धाडस आचाऱ्याने करायचे. मुलींची स्पर्धा असेल, तर वेगळी इमारत, पहारा, महिला कर्मचारी, रात्री-अपरात्री येणाऱ्या संघाला स्टेशनवरून आणायला गाडी. हा खर्च टाळण्याजोगा नसतो आणि टाळूही नये.

मैदानाचे तर वेगळेच. बास्केटबॉलचे मैदान २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद. बहुतेक महाविद्यालयांत ते उघड्यावर, सिमेंटचे. आपल्याकडे विभागीय सामने सुरू होतात तेव्हा पाऊस पुरता सरलेला नसतो. ओल्या सिमेंटवर वळताना पाय घसरला, तर गुडघा जायबंदी होतो. म्हणून एक सर आली की खेळ थांबतो, पोती आणि फडकी घेऊन शिपाई धावतात आणि दिवसाचे वेळापत्रक कोलमडते. दिवस वाढला की रात्र वाढली आणि रात्र वाढली की पुन्हा गाद्या! बंदिस्त सभागृह असेल तर प्रश्न मिटतो, पण असे सभागृह किती महाविद्यालयांकडे आहे?

शिवाय एका सामन्याला दोन पंच, आणि टेबलावर गुणलेखक, त्याचा साहाय्यक, वेळाधिकारी आणि २४ सेकंदांचे घड्याळ सांभाळणारा, अशी सहा माणसे लागतात. दिवसभर तीच सहा माणसे उभी करता येत नाहीत. त्यांचे मानधन, प्रवास, मुक्काम. मग रुग्णवाहिका, पाण्याचा टँकर, वीज, चषक. शेवटी जो खर्च वहीत कधीच येत नाही तो : प्राध्यापकांचे आणि शिपायांचे जागरण, एन.एस.एस.च्या मुलांची धावपळ, बुडालेले तास.

हे पैसे देतो कोण? काही वाटा अनुदानाचा, काही प्रवेश शुल्काचा. उरलेला महाविद्यालयाच्या जिमखाना निधीतून येतो. आपल्या मुलाच्या प्रवेशाची पावती काढून पाहा. त्यावर जिमखाना शुल्क अशी एक ओळ असते. म्हणजे यजमानांत आपण सगळेच आहोत, फक्त आपल्याला कोणी हाराला बोलावीत नाही.

बास्केटबॉल जन्मला १८९१ मध्ये अमेरिकेत, जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाच्या हातून. तिथे महाविद्यालयीन बास्केटबॉल हा मोठा व्यवसाय आहे. हंगाम संपल्यावरच्या मुख्य स्पर्धेच्या दूरदर्शन हक्कांसाठी २०१० मध्ये चौदा वर्षांचा करार झाला, तो १०.८ अब्ज डॉलरचा. पण त्याच देशात २००८ मध्ये ‘कॉलेज बास्केटबॉल इन्व्हिटेशनल’ नावाची एक धाकटी स्पर्धा निघाली. तिथे सामना आपल्या घरच्या मैदानावर हवा असेल, तर महाविद्यालयाने संयोजकांना हजारो डॉलर मोजायचे आणि तिकिटे विकून ते वसूल करायचे. सामना ठरायचा दोन-तीन दिवस आधी. एवढ्यात तिकिटे किती खपणार? रिकाम्या खुर्च्या आणि मोठे बिल, अशी कित्येकांची गत होई. २०२१ मध्ये ती स्पर्धा फ्लोरिडात डेटोना बीचला एकाच ठिकाणी नेण्यात आली. सांगायचा मुद्दा, यजमानाचे गणित श्रीमंतांच्या घरीही सहज सुटत नाही.

आपल्या गावाला खेळावर खर्च करणे नवे नाही. शाहू महाराजांनी कुस्तीसाठी खासबाग मैदान बांधले, ते १९१२ मध्ये पूर्ण झाले. तिथे राजाश्रय होता. शाहू स्टेडियमवर तालमींचे फुटबॉल सामने होतात, तिथे गर्दी हाच आश्रय. खाशाबा जाधवांना १९५२ मध्ये हेलसिंकीला जायला पैसे कमी पडत होते, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले आणि नंतर कुस्त्या करून ते घर सोडवून दिले. ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो, सांगायलाच हवी. पण दर वर्षी दर महाविद्यालयाच्या प्राचार्याने घर गहाण टाकावे, अशी व्यवस्था असू शकत नाही. महाविद्यालयीन बास्केटबॉलला राजाही नाही आणि तिकीट काढणारी गर्दीही नाही. तिथे हिशेबच लागतो.

हिशेब जमत नाही म्हणून काय होते? ज्यांच्याकडे मैदान, वसतिगृह आणि निधी आहे, तीच महाविद्यालये पुन्हा पुन्हा यजमान होतात. घरच्या मैदानावर त्यांची मुले खेळतात, घरच्या अंथरुणावर झोपतात. डोंगराकडची लहान महाविद्यालये कायमची पाहुणी राहतात. आमच्याकडे एकदा असाच एक संघ आला होता. मुले पहाटे उठून पहिल्या एस.टी.ने निघालेली, नऊच्या सामन्याला उभी राहिली आणि हरली. हात-पाय धुताना त्यांच्यातला एक मुलगा मला म्हणाला, ‘‘सर, आमच्याकडं मॅच कधी घेणार? आमच्या गावानं आम्हाला खेळताना बघितलंच न्हाई.’’ माझ्याकडे उत्तर नव्हते. मी त्याला चहा घ्यायला सांगितले.

आज उत्तर द्यायचे झाले तर तीन गोष्टी सुचवीन. पहिली, यजमानपद एकट्या महाविद्यालयाला न देता शेजारच्या तीन-चार महाविद्यालयांना मिळून द्यावे. एकाचे मैदान, दुसऱ्याचे वसतिगृह, तिसऱ्याची माणसे. दुसरी, अनुदान ठोक न देता संघ आणि रात्री मोजून द्यावे, म्हणजे लहान महाविद्यालयाला धसका बसणार नाही. तिसरी, खर्चातला थोडा भाग तरी मागे उरेल अशा गोष्टीवर करावा : दिव्याचे खांब, चांगली रिंग, मैदानाचा नवा थर. चषक पाहुणे घेऊन जातात, गाद्या मंडपवाला घेऊन जातो, कमान दुसऱ्या दिवशी उतरते. रिंग मात्र तिथेच राहते आणि संध्याकाळी गावातली पोरे तिच्यात चेंडू टाकू लागतात.

आणि स्पर्धा संपली की जमाखर्च सूचना फलकावर लावावा. त्यात लपवण्यासारखे काही नसते. उलट, पुढच्या वर्षी यजमानपदाचा विचार करणाऱ्या एखाद्या लहान महाविद्यालयाला, गाद्या किती सांगाव्यात, एवढे तरी त्यातून कळेल.

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)