दातांच्या डॉक्टरचं नाट्यगृह

घोडबंदर रोडवर क्लासच्या होर्डिंगांना तोटा नाही. ओळीनं मुलांचे चेहरे, प्रत्येकाखाली टक्के. याच रस्त्यावरून आत, हिरानंदानी मेडोजमध्ये ठाणे महापालिकेचं मोठं नाट्यगृह आहे. त्याला नाव दिलंय डॉ. काशिनाथ घाणेकरांचं. आणि हे डॉक्टर होते दातांचे!

घाणेकर मूळचे चिपळूणचे. दंतवैद्यकाची पदवी हातात होती, पण ओढ रंगभूमीची. १९६२ मध्ये वसंत कानेटकरांच्या 'रायगडाला जेव्हा जाग येते'मध्ये ते संभाजी झाले, पुढे 'अश्रूंची झाली फुले'मधला लाल्या. नाटकाच्या जाहिरातीत त्यांचं नाव सगळ्यांत शेवटी, 'आणि' लिहून यायचं आणि त्या एका शब्दावर हाउसफुल्लचा बोर्ड लागायचा. गुणपत्रिकेवर यातलं काहीच दिसलं नसतं. त्यांच्या उतरत्या काळाच्या कहाण्याही रसिकांना ठाऊक आहेत. अंगात गुण असला तरी शिस्त वेगळी कमवावीच लागते.

प्रत्येक गुण असा टाळ्या वसूल करणारा नसतो. डोंबिवलीत वाढलेला क्रिकेटपटू अजिंक्य रहाणे लहानपणी कराटे शिकला, ब्लॅक बेल्टपर्यंत गेला. पण त्याची ओळख ठरला तो शांत स्वभाव. मुलगा अबोल असला की आपल्याकडे घरचे काळजी करतात, 'जरा बोलायला शिक' म्हणून मागे लागतात. डिसेंबर २०२० मध्ये ॲडलेडला भारताचा डाव ३६ धावांत आटोपला, विराट कोहली मायदेशी परतला आणि कप्तानी या अबोल माणसाकडे आली. मेलबर्नला त्यानं ११२ धावा काढल्या, भारत आठ गडी राखून जिंकला. जानेवारीत ब्रिस्बेन जिंकून मालिकाही खिशात घातली. तेव्हा रहाणेनं काय केलं? शंभरावी कसोटी खेळणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या नेथन लायनला संघाच्या सह्यांची जर्सी दिली.

मग आपलं बळ ओळखायचं कसं? ठाण्यातच डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था सुरू केली. तिच्या 'वेध' परिषदेत वेगवेगळ्या वाटांनी गेलेली माणसं मुलांसमोर मोकळेपणी बोलतात. कलचाचण्याही आता ठिकठिकाणी होतात. त्यांचा उपयोग आहे, मात्र दिशा दाखवण्यापुरताच. अहवालात 'अभियांत्रिकी' लिहिलंय म्हणून मुलाची बासरी माळ्यावर टाकणं हा शुद्ध अडाणीपणा.

मोठ्यांसाठी व्यवस्थापनतज्ज्ञ पीटर ड्रकर यांनी एक बिनखर्चाचा उपाय सुचवला होता. महत्त्वाचा निर्णय घेतला की त्यातून काय होईल असं वाटतं, ते लिहून ठेवायचं. नऊ ते बारा महिन्यांनी वही उघडून प्रत्यक्ष काय झालं ते ताडून पाहायचं. दोन-तीन वर्षांत आपण कुठे खरे उतरतो आणि कुठे उगाच धडपडतो, हे आपल्याच अक्षरात समोर येतं. ड्रकर यांचा सल्ला असा, की जिथे मुळात गती नाही तिथे जेमतेम होण्यासाठी वर्षं घालवू नका. जे चांगलं जमतं ते आणखी घासा.

सोसायटीच्या गणेशोत्सवात हिशेब कुणाकडे जातो, भांडण कोण मिटवतं, पोरांचं नाटक कोण बसवतं, ते यंदा जरा नीट बघा. वर्गणीच्या पावत्या पैशापैशाला जुळवणारी ती मुलगी आपलीच असेल, तर तिला आधी तसं सांगा. कलचाचणीची तारीख नंतर घ्या.